कॅनडाऐवजी गोझो

"तुझी आई काय, युरोप फिरून आली," असं आमच्या इथल्या ओळखीतले लोक मला कौतुकानं म्हणतात. मी हसते आणि विषय बदलते, कारण खरं सांगायला लागले की माझा आवाज चढतो. आईला युरोप बघायचा नव्हता. तिला माझं घर बघायचं होतं.

माझं घर कॅनडात, हॅमिल्टनला आहे. शहराच्या मधून एक लांब कडा जातो, त्याला सगळे माउंटन म्हणतात, आणि त्याच्यावर आमची गल्ली आहे. मी या देशात कॉलेजला आले, बेसमेंटमध्ये इतर मुलींबरोबर राहिले, दुकानाच्या काउंटरवर उभं राहून फी भरली, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळवलं, मग हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. लग्न वसईला झालं आणि संसार इथं. मुलगी रांगत होती तेव्हा तिला एकदा वसईला नेऊन आणलं होतं. त्यानंतर कधी साथ, कधी रजा, कधी नवऱ्याची गेलेली नोकरी, असं करत वर्षं निघून गेली. आई फोनवर विचारायची, "बाय, तुझ्या ओट्यासमोर खिडकी आहे का गं?" मी फोन खिडकीकडे वळवायचे. तिला पांढरा उजेड दिसायचा, दुसरं काही नाही.

म्हणून मी तिच्यासाठी व्हिसाला अप्लाय केलं. नाकारला. पुन्हा केलं. पुन्हा नाकारला. कारण दोन्ही वेळा एकच: मुदत संपल्यावर ही बाई देश सोडून परत जाईल याची खात्री वाटत नाही. विधवा आहे, मुलगी तिकडे आहे, म्हणजे राहूनच जाणार.

हे वाचून मला जे वाटलं ते इथं सभ्य शब्दांत लिहिता येणार नाही. माझ्या आईची वसईला वाडी आहे. केळी, अळू, तोंडलीचा मांडव, जास्वंद, आणि विहिरीवर एक मोटर, जी आईच्या मते तिच्याशिवाय कोणालाच नीट बंद करता येत नाही. माझ्या लग्नाच्या दिवशी केक कापायच्या आधी ही बाई हॉलमधून उठली, रिक्षा करून घरी गेली, मोटर बंद करून परत आली आणि मग फोटोला उभी राहिली. मामाकडे मुक्कामाला गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी चपला शोधायला लागते. अशी बाई कॅनडात लपून राहणार, असं कुणाला तरी वाटलं. एकदा नाही, दोनदा.

तिसऱ्या वेळी मी सगळं नव्यानं केलं. वाडीचे कागद लावले, भावाचं पत्र लावलं, पॅरिशच्या फादरांचंही पत्र लावलं. या खेपेला होणारच, असं एका जाणत्या माणसानं सांगितलं, आणि मी मूर्खासारखी ते आईला सांगून बसले. आईनं बॅग भरायला घेतली. बाटलीचा मसाला, पापड, सुकेळी, नातीसाठी विणलेला स्वेटर, स्वतःसाठी कानटोपी. शेजारणींना सांगून झालं. टोरोंटोत ज्यांची मुलं आहेत त्यांनी आपापली पुडकी आणून दिली. आणि मग तिसऱ्यांदा नकार आला.

भावानं फोन केला. म्हणाला, "मी बॅग रिकामी करून माळ्यावर टाकतो. तिच्या डोळ्यांसमोर नको."

"हात लावू नकोस बॅगेला," मी म्हणाले.

मला तरी कुठे माहीत होतं मी काय बोलतेय? एवढंच कळत होतं की ती बॅग उघडायची नाही. तिला कुठल्या तरी विमानात चढू दे. कुणीतरी माझ्या आईला 'ये' म्हणू दे.

आमच्या गावात एक एजंट आहे, तो भाविकांना युरोपातल्या चर्चना घेऊन जातो. त्यानं भावाला सांगितलं, माल्टाचं मी करून देतो, तिथं संत पौलाचं जहाज फुटलं होतं, आपले लोक जातात. माल्टाच्या शेजारी गोझो नावाचं छोटं बेट आहे, तिथं राहायला बरं, गर्दी कमी. आणि खरोखर, आईचा व्हिसा निमूटपणे आला. ही बाई परत जाईल, एवढं तिथल्या साहेबाला कागद बघून कळलं.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिथं कोण आहे आपलं?"

"मी येतेय ना. आणि तुझी नात."

"आणि जावई?"

त्याला टोरोंटोजवळच्या वॉनमध्ये एका वेअरहाउसात नुकती नोकरी लागली होती, रजा नव्हती.  आई म्हणाली, "बरं. येते." जणू मीच हट्ट धरला होता आणि ती माझा मान ठेवत होती.

माल्टाच्या विमानतळावर आई बाहेर आली ती भर उन्हाळ्यात अंगात स्वतःचा स्वेटर घालून. बॅगेत जागा नव्हती म्हणे. घामानं डबडबली होती. माझी मुलगी, जिनं कळायला लागल्यापासून आजीला फोनच्या चौकटीत मोठ्या चेहऱ्याची म्हणूनच पाहिलं होतं, माझ्या मागे सरकली आणि हळूच म्हणाली, "मॉम, शी इज सो स्मॉल."

"काय म्हणाली?" आईनं विचारलं.

"म्हणाली, आजी छान दिसते."

"उगाच खोटं बोलू नको. स्मॉल मला कळतं." आणि मग तिनं वाकून नातीच्या दोन्ही गालांवरून हात फिरवले, बोटं स्वतःच्या कानशिलांवर मोडली, आणि त्या आवाजानं मुलगी खुदकन हसली.

फेरीबोटीनं आम्ही गोझोला गेलो. एका पिवळट दगडी घराच्या वरच्या मजल्यावर आमचं भाड्याचं बिऱ्हाड होतं. आईनं पहिल्यांदा स्वयंपाकघरातले सगळे खण उघडून बघितले आणि म्हणाली, "कुणाचं आहे हे?" मी म्हणाले, एका बाईचं, ती भाड्यानं देते. आईनं खण लावून टाकले.

दुसऱ्या दिवसापासून मी आईला बेट दाखवायला सुरुवात केली. दाखवायला म्हणजे, आता कळतं, मी कुणावर तरी सूड उगवत होते. माझ्या आईला तुमचा देश दाखवला नाहीत ना? मग बघा, मी तिला काय काय दाखवते. बघण्यासारख्या आणि करण्यासारख्या गोष्टी मी आधीच फोनवर हेरून ठेवल्या होत्या आणि त्यातली एकही सोडायला तयार नव्हते. गावाच्या डोक्यावर एक जुना किल्ला आहे, तो भर उन्हात चढलो. बोगद्यातून समुद्रात नेणाऱ्या होडीत बसलो. तिथं पाण्याचा निळा रंग इतका गडद आहे की मुलीनं हात घालून बघितला, हाताला लागतो का म्हणून. आई होडीची कड धरून डोळे मिटून बसली होती. होडीवाला म्हणाला, इथंच बाजूला ती प्रसिद्ध दगडी कमान होती, ती वादळात कोसळली, आता नुसती जागा बघायची.

"पडली ती?" आईनं मला विचारलं.

"हो."

"मग लोक काय बघतात?"

"ती जिथं होती ते."

आईनं त्या मोकळ्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

एकच ठिकाण तिला मनापासून आवडलं. उत्तरेच्या किनाऱ्यावर खडकात खोदलेली मिठागरं आहेत, चौकोनाला चौकोन लागून, आणि त्यात समुद्राचं पाणी आटत असतं. आई गाडीतून उतरून भराभर पुढे गेली. "आगरं आहेत गं," ती म्हणाली, "आपल्यासारखी. फक्त चिखल नाही." तिनं कडेचं मीठ चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलं आणि नातीच्याही ठेवलं. मी मात्र घड्याळ बघत होते, कारण पुढचं बघायचं राहिलं असतं. मी तिला तिथून उठवलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी आम्हा तिघींना बेटभर फिरवणाऱ्या बसमध्ये बसवलं. गाइड बाई प्रत्येक थांब्यावर टाळ्या वाजवायची आणि किती मिनिटांत परत यायचं ते सांगायची. तशातच एका मोठ्या चर्चपाशी बस थांबली. आत गार होतं. मेणबत्त्या होत्या, पुढच्या बाकांवर गावातल्या दोन बायका माळ जपत होत्या. आईनं पदर डोक्यावर घेतला, गुडघे टेकले आणि त्यांच्या शेजारी तीही माळ जपायला लागली. त्या त्यांच्या भाषेत, आई मराठीत. काही वेळानं मी तिच्या खांद्याला हात लावला. "आई, बस जाईल."

"माळेतलं एक रहस्य राहिलंय," ती म्हणाली.

बस गेली. आम्ही बाहेर आलो तेव्हा गल्लीच्या टोकाला बसची पाठ दिसली. मी हात करत धावले, पण ती थांबली नाही. पुढची बस केव्हा येईल ते कुणाला माहीत नव्हतं. मी चर्चच्या पायरीवर बसले आणि माझा पारा चढला. गाइडवर, बसवर, उन्हावर, आणि खरं सांगायचं तर आईवरही. "इथंच माळ जपायची होती का? घरी जपता येत नाही?"

आई शांतपणे म्हणाली, "चर्चमध्ये नेलंस तूच."

एवढ्यात तिचा फोन वाजला. वसईची शेजारीण होती. आई फोन कानाला लावून थोडी लांब गेली, पण ती फोनवर बोलते म्हणजे सगळ्या आळीला ऐकू जातं. "हो, पोचले," ती म्हणत होती. "पोरगी उंच झालीय... हवा बरी आहे. थंडी नाही बाई, ऊनच आहे... जावई कामावर असतो. कॅनडा ना? छान आहे. सगळं दगडाचं आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आई, तू तिला काय सांगितलंस?"

"काय सांगितलं?"

"तू म्हणालीस तू कॅनडात आहेस."

तिनं पदरानं मान पुसली. "मग काय सांगू? मला नको म्हणाले, असं सांगू? तीन वेळा नको म्हणाले?"

"त्यात तुझी काय चूक आहे?"

"लोकांना चूक-बरोबर कळत नाही. लोक विचारतात, नको का म्हणाले? काय केलंस? त्यांच्याकडून पुडकी घेऊन ठेवलीत, ती तू तिकडे पोस्टानं पोचवशील. पण मी वसईत तोंड घेऊन फिरते. मी कधी कुणाच्या दारात न बोलावता गेले नाही. आणि हे म्हणतात, ही घुसेल आणि निघणार नाही."

मी आईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तीन नकार आले तेव्हा ती मलाच धीर देत होती, "असू दे बाय, त्यांचे नियम असतील." मला वाटलं होतं राग फक्त मला आलाय. तिनं तो पापडांच्या पुडक्यासारखा गुंडाळून बरोबर आणला होता.

"आणि तू," ती पुढे म्हणाली, "तू मला रोज उठवतेस आणि लोकांचं घर दाखवतेस. किल्ला लोकांचा, होडी लोकांची. मी म्हटलं होतं का मला समुद्र दाखव? माझ्या दारात समुद्र आहे. मला तुझं घर बघायचं होतं."

माझी मुलगी पायरीवर बसून दोघींकडे बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलता येत नाही असं ती म्हणते. ती म्हणाली, "बट आजी, इट्स जस्ट अ हाउस."

"म्हणून तर," आई म्हणाली.

पुढची बस आली तशी आम्ही तिघी चढलो.

दुसऱ्या दिवशी मी काहीच ठरवलं नाही. मुलीला पोहायचं होतं म्हणून आम्ही सकाळी लवकर जवळच्या समुद्रावर गेलो. तिथली वाळू तांबूस आहे, भाजलेल्या विटेच्या भुकटीसारखी. किनारा जवळजवळ रिकामा होता. आई साडी खोचून ओल्या वाळूच्या कडेला बसली. मुलीनं एक काठी शोधून आणली आणि वाळूवर लांबलचक रेघ ओढली. मला वाटलं खेळतेय. थोड्या वेळानं तिनं हाक मारली, "आजी, कम. धिस इज द ड्राइव्हवे."

आई उठली.

"इकडे गाडी," मुलगी म्हणाली, आणि तिच्या तोंडून निघालेल्या त्या दोन मराठी शब्दांनी मी चमकून बघितलं. "विंटरमध्ये बाबा शोव्हल करतो. स्नो इकडे टाकतो. नॉट ऑन द नेबर्स साइड, नाहीतर तो ओरडतो."

"ओरडतो का?" आईनं गंभीरपणे विचारलं.

"एकदा."

तिनं दार काढलं, दाराच्या आत बूट काढायची जागा काढली, आणि आईला तिथं खरोखर चपला काढायला लावल्या. मग जिना. जिन्याखाली बेसमेंट, ते तिनं बाजूला वेगळं काढलं, कारण वाळूत खाली कसं काढणार. घर तापवणारी फर्नेस कुठे आहे, वॉशिंग मशीन कुठे, फर्नेस रात्री कसा आवाज करते. आईनं विचारलं, "कपडे वाळत कुठे घालता?" मी लांबूनच म्हणाले, "ड्रायरमध्ये. उन्हाळ्यात मागच्या अंगणात दोरी बांधते." आणि मग मीही उठले आणि गेले, कारण स्वयंपाकघर ती चुकीचं काढत होती. ओटा उत्तरेला आहे. सिंकच्या वर खिडकी आहे. मी काठी घेतली आणि खिडकी काढली.

"इथून काय दिसतं?" आई त्या वाळूतल्या सिंकपाशी उभी राहिली.

"शेजाऱ्याचं कुंपण. आणि एक मेपल. खारी असतात. हिवाळ्यात कुंपणसुद्धा दिसत नाही."

"आणि तू इथं उभी असतेस."

"हो. शिफ्टवरून आल्यावर."

ती बराच वेळ तिथं उभी राहिली. मग पुढे गेली, आमच्या झोपायच्या खोलीत डोकावली, नातीच्या खोलीत गेली, आणि विचारलं, "माझी कुठली होती?" मुलीनं तिच्या खोलीच्या शेजारची एक चौकोनी जागा दाखवली. ती खोली आम्ही आईसाठी रंगवली होती, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगून काय करायचं होतं? मुलीनं सांगितलं. रंग कुठला, पडदे कुठले, कपाटातली वरची फळी मोकळी ठेवलीय. आई त्या चौकोनात बसली, पाय लांब करून. नात तिच्या मांडीला टेकून बसली. दोघींनी सुकेळी काढून खाल्ली.

ऊन वर आलं तशी माणसं यायला लागली. लोकांना काय, वाळूतल्या रेघा म्हणजे रेघा. एक जोडपं आमच्या हॉलमधून गेलं. एक कुत्रा बेसमेंटमध्ये उकरून गेला. मी दात आवळून बसले. मग खांद्यावर छत्र्यांचा भारा घेऊन एक टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस आला. तो तिथं आरामखुर्च्या भाड्यानं देत असावा. त्यानं नेमका माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवला आणि छत्रीचा दांडा सिंकच्या जागी रोवायला लागला.

मी उभी राहिले. मी त्याला इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात उभे आहात."

त्यानं खाली बघितलं. "मॅडम, ही रांग माझी आहे. इथं खुर्च्या लागतात."

"हे माझं घर आहे," मी म्हणाले, आणि मग मी थांबलेच नाही. त्या बिचाऱ्याचा काय संबंध होता? पण तीन नकार त्याच्या डोक्यावर फुटले. ही माझी आई आहे, मी त्याला सांगितलं. हिला माझं खरं घर बघायची परवानगी नाही, म्हणून आम्ही दोन बाजूंनी विमानं पकडून तुमच्या बेटावर आलो आणि वाळूत घर काढलं, आणि आता तेही तुम्हाला हवंय. आजूबाजूचे लोक बघायला लागले. मुलगी "मॉम, प्लीज," म्हणत होती. आई म्हणाली, "जाऊ दे बाय, तो त्याचं काम करतोय."

त्यानं छत्र्या खाली ठेवल्या. "तुम्ही कुठून आलात?" त्यानं विचारलं.

"कॅनडाहून. हॅमिल्टन. टोरोंटोजवळ."

त्याचा चेहरा उजळला. "माझा मामा टोरोंटोत आहे. जहाजानं गेला, तरुण असताना. आमच्या अर्ध्या गावाचे लोक तिथं आहेत. माझी आईही त्याच्याकडे जाऊन येते, सारखी."

"तिला व्हिसा मिळतो?"

"व्हिसा कशाला लागतो?" तो म्हणाला. त्यानं ते साधेपणानं विचारलं, कुणी घरात छत्री कशाला लागते असं विचारावं तसं. "नुसतं कॉम्प्युटरवर नाव टाकायचं."

मी खाली बसले. ही माहिती मला नको होती. ह्या माणसाच्या मामाला, जहाजातून उतरताना, तू परत जाशील याची खात्री काय, असं कुणी विचारलं असेल का? तो परत गेलाच नाही. त्याची आई जाते आणि येते. तिलाही बेटावर अंगण असेल, तिलाही कुणाच्या तरी मोटरीची काळजी असेल. तिच्यावर विश्वास आहे. माझ्या आईवर नाही. दोघी त्याच देवाची माळ जपतात, दोघींची माणसं त्याच देशात, दोघींचे गुडघे सारखेच दुखत असणार. मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही की फरक नेमका कुठे आहे. म्हणजे मला तो कळतो. पण कुणी तोंडावर सांगत नाही.

आईनं मला विचारलं तो काय म्हणाला. मी सांगितलं. तिनं पिशवीतून एक सुकेळं काढून त्याच्यापुढे धरलं. त्यानं खाल्लं, चव घेत विचार केला, आणि म्हणाला, "अंजीर?"

"केळं," आई मराठीत म्हणाली. "माझ्या वाडीतलं."

त्यानं मान हलवली. मग दिलगिरीनं हात पसरले आणि म्हणाला, खुर्च्या लावाव्याच लागतील, मालक येईल. आणि त्यानं लावल्या. एकामागून एक, हॉलमध्ये, जिन्यावर, ओट्यावर. आईची खोली शेवटी उरली होती, तिथून ती स्वतःच उठली. पदर झटकला. "चला," म्हणाली, "पोरीला भूक लागली असेल."

उरलेले दिवस आम्ही घरातच काढले. आईनं ते परकं स्वयंपाकघर अखेर ताब्यात घेतलं. बाटलीच्या मसाल्यातलं मासळीचं कालवण केलं, खालच्या मालकीणबाईंना वाटीभर दिलं. संध्याकाळी ती भावाला फोन करून मोटर बंद केली का विचारायची आणि त्यानं हो म्हटलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही. शेवटच्या दिवसाच्या आधीच तिची बॅग भरून दारापाशी उभी होती. "तोंडली निबर होतील," ती म्हणाली. मला त्या बॅगेचा फोटो काढून कुणाला तरी पाठवावासा वाटला: ही बघा, परत जायला उतावीळ झालेली बाई. पण पाठवणार कुणाला? नकाराच्या पत्राखाली माणसाचं नाव नव्हतं.

विमानतळावर तिचं विमान आधी होतं. आत जाताना तिनं नातीला जवळ घेतलं, मग मला. म्हणाली, "आता पुन्हा अप्लाय करू नको. मी पाहिलं तुझं घर."

"नाही पाहिलंस," मी म्हणाले.

"असं काय करतेस?"

"तू नाही पाहिलंस, आई. वाळू पाहिलीस. मी अप्लाय करणार."

ती माझ्याकडे रागानं बघत राहिली. पोरीसारखा हट्ट करतेस, असं म्हणाली असती, पण रांग पुढे सरकली. तिनं कानटोपी हातात घट्ट धरली होती. ती एकदाही वापरली गेली नव्हती.

आम्ही टोरोंटोला उतरलो. काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट बघत नेहमीच्या सुरात विचारलं, कुठे गेला होता, कशासाठी.

"माल्टा," मी म्हणाले. "आईला भेटायला."

"आई तिथं राहते?"

"नाही. भारतात."

त्यानं मान वर केली. मी पुढे काही बोलणार नव्हते. दमले होते, मागे रांग होती. माझी मुलगी काउंटरच्या कडेवर हनुवटी टेकवून म्हणाली, "शी इज नॉट अलाउड हिअर."

अधिकारी तिच्याकडे बघत राहिला. वयानं माझ्याएवढाच असेल. मग त्यानं पासपोर्ट मिटून माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "वेलकम होम."

तो भला माणूस असेल. मला त्याच्यावर राग धरायचा नाही. पण मी थँक यू म्हणाले नाही, आणि इतक्या वर्षांत या देशात मी थँक यू न म्हणता कुठल्या काउंटरवरून निघाले असेन, असं मला आठवत नाही.

चौथा अर्ज गेल्या आठवड्यात पाठवला.